लाईट बिल वाचायला शिकूया



या अंकातला अभ्यासपाठ वाचायला बसताना आपल्या घरचे या महिन्याचे लाईट बिल हाताशी घ्यावे. मोबाईलवर येत असेल तर तो उघडून ठेवावा. मंडळीत किंवा घरगुती अभ्यासगटात हा पाठ घेणार असाल, तर प्रत्येकाला आपापले बिल आणायला सांगावे. दुसऱ्याचे बिल समजायचे तर आधी आपले समजले पाहिजे.

आपण पाठवलेल्या मदतीतला थोडा भाग वाशिम जिल्ह्यातल्या वस्त्यांवर थकलेली वीजबिले भरण्यात जातो. मालेगाव आणि मानोरा तालुक्यांतल्या आंध कुटुंबांकडे आणि फासेपारधी वस्त्यांवर मी जातो, तेव्हा हातात हमखास एक चुरगळलेला कागद येतो. बहुतेक वेळा तो लाईट बिलाचा असतो. बिल भरून टाकणे सोपे आहे. पण ते का थकले हे न पाहता भरले, तर पुढच्या वर्षी तेवढेच पुन्हा थकते. म्हणून वस्तीवर आम्ही संध्याकाळी जो पाठ घेतो, तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

वस्तीवरचा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो : "आमी तं चार महिने घरी नोतोच. लाईनच जाळली नाही, मंग बिल कायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते, तर दाराच्या फटीत चार बिले खोचलेली. किराणा उचलला नाही तर दुकानदार पैसे मागत नाही. मग वीज वापरली नाही तरी कंपनी का मागते?

याचे उत्तर मी शेतातल्या मजुरीवरून देतो, कारण वऱ्हाडात ते लहान पोरालाही कळते. शेतात दोन तऱ्हेची माणसे कामाला असतात. रोजंदार ज्या दिवशी आला त्या दिवसाची मजुरी घेतो, नाही आला तर नाही. सालदाराचे मात्र वर्षाचे ठरलेले असते. पाऊस पडला, काम बंद राहिले, तरी त्याचे साल चालू असते, कारण तो आपल्यासाठी बांधलेला आहे. लाईट बिलात हे दोघेही बसलेले आहेत. बिलावर 'स्थिर आकार' असे छापलेले असते, तो सालदार. 'वीज आकार' असे छापलेले असते, तो रोजंदार.

स्थिर आकार हा खांब, तारा, रोहित्र, मीटर, वायरमन, कार्यालय या सगळ्या व्यवस्थेचा घराघरावर टाकलेला वाटा आहे. आपण बटण दाबले नाही तरी तार आपल्या घरापर्यंत आलेली आहे आणि ती राखावी लागते, असा त्यामागचा विचार. तो किती असावा यावर वाद आहे आणि तो वाद योग्यही आहे. पण तो मीटरशी जोडलेला नाही, एवढे आधी पक्के समजून घ्यावे. मीटर थांबले तरी तो थांबत नाही.

आता आकडे पाहू. पुढचे आकडे महावितरणच्या घरगुती सिंगल फेज ग्राहकासाठी १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांचे आहेत. दर बदलत राहतात. आपल्या बिलावर वेगळा आकडा असेल तर तोच धरावा, हिशेबाची रीत तीच राहते. मुंबईतल्या वाचकांचे बिल बेस्ट, अदानी किंवा टाटाचे असेल. त्यांचे दर निराळे, पण रकाने हेच.

स्थिर आकार महिन्याला १२८ रुपये. वीज आकार पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० पर्यंतच्या युनिटांना १० रुपये २९ पैसे आणि त्यापुढे आणखी चढा. शिवाय प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे 'वहन आकार', म्हणजे वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचे भाडे. या सगळ्याच्या बेरजेवर राज्य सरकारचे १६ टक्के 'वीज शुल्क'. 'इंधन समायोजन आकार' नावाचा आणखी एक रकाना असतो. तो महिन्यागणिक कमीजास्त होतो, म्हणून इथल्या हिशेबात मी तो धरलेला नाही.

बंद घराचे बिल यावरून काढा. युनिट शून्य, स्थिर आकार १२८, त्यावर शुल्क २० रुपये ४८ पैसे. एकूण १४८ रुपये ४८ पैसे. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे कुलूप लावलेले घर महिन्याला अर्ध्या दिवसाची मजुरी खाते. चार महिने बाहेर राहिले तर दोन दिवसांची. हे वस्तीवर फळ्यावर लिहिले की गलका थांबतो. रक्कम कळली की भीती निम्मी होते, असा माझा अनुभव आहे. कारण लोकांच्या मनात त्या कागदाचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा मोठा असतो.

दुसरी गोष्ट पोटाला चिमटा काढणारी आहे. महिन्याला २५ युनिट जाळणाऱ्या घराचे बिल पाहा. स्थिर आकार १२८, वीज आकार ११७ रुपये ७५ पैसे, वहन आकार २९ रुपये २५ पैसे, मिळून २७५. त्यावर शुल्क ४४. एकूण ३१९ रुपये. एका युनिटाला पडले १२ रुपये ७६ पैसे. आता ९० युनिट जाळणाऱ्या घराचे बिल काढा. ते ७६२ रुपये ३५ पैसे येते आणि युनिट पडते साधारण साडेआठ रुपयांना. दोन्ही घरांचा दर कागदावर एकच, ४ रुपये ७१ पैसे. तरी कमी जाळणाऱ्याला युनिट महाग पडले, कारण त्याचा सालदार थोड्याच कामावर बसलेला आहे. स्थिर आकार वाढतो तेव्हा त्याचा भार सगळ्यांवर सारखा येतो असे वाटते. लहान घरावर तो जास्त बसतो.

हे केवळ आपल्याकडे आहे असे नाही. ज्यांची मुले इंग्लंडात आहेत त्यांनी त्यांना विचारावे. तिथे विजेचा स्थिर आकार रोजच्या हिशेबाने लागतो. २०२४ मध्ये तो दिवसाला सुमारे ६० पेन्स होता. ज्यांच्याकडे आधी पैसे भरून चालणारे मीटर आहे, त्यांनी पैसे टाकले नाहीत तरी हा आकार मागे साचत जातो आणि पुढच्या वेळी भरलेल्या पैशांतून आधी वळता होतो. थंडीत घर गरम न करता बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावरही तो चढतो. तिथेही त्यावर कडाक्याचा वाद चालू आहे.

आता एक गैरसमज. तो वस्तीवरही आढळतो आणि शिकल्यासवरल्या मंडळींतही. "शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळेच युनिट दहा रुपयांनी लागतात." असे होत नाही. पहिली शंभर युनिटे पहिल्याच दरात राहतात, चढा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. १०० युनिटांचे बिल ८३० रुपये ५६ पैसे आणि १०१ चे ८४३ रुपये ८५ पैसे. फरक १३ रुपये २९ पैशांचा. या गैरसमजापोटी महिनाअखेरीला घरात अंधार करून बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, पोरांची परीक्षा तोंडावर असतानाही. बिल काढून दाखवले तेव्हा कुठे दिवा लागला.

मात्र टप्प्यांच्या याच रीतीत एक खरी काळजीची जागा आहे. घर बंद असल्यामुळे किंवा दुसऱ्या कारणाने रीडिंग मिळाले नाही, तर बिल सरासरीने येते. रीडिंगच्या जागी 'लॉक' असा शेरा असतो. मीटरच बिघडले असेल तर 'फॉल्टी'. मग तीन महिन्यांनी खरे रीडिंग मिळते आणि सगळी युनिटे एकदम दिसतात. समजा २१० आली. ती तीन महिन्यांची आहेत, म्हणून दरमहा ७० धरून पहिल्याच टप्प्यात बसली पाहिजेत. वीज आकार होईल ९८९ रुपये १० पैसे. तीच युनिटे एका महिन्याची समजून मोजली तर वीज आकार १,६०२ रुपये ९० पैसे होतो. शुल्क धरून ७१२ रुपयांचा फरक पडतो. म्हणून मोठे बिल दिसले की आधी रकमेकडे न पाहता रीडिंगच्या दोन तारखा पाहाव्यात : मागील रीडिंग कधीचे, चालू रीडिंग कधीचे. मधले महिने मोजावेत आणि युनिटे तेवढ्या महिन्यांत वाटली आहेत का ते तपासावे. आमच्या पाठात हे सगळ्यांत आधी पोरीबाळींना जमते. दहावीची मुलगी आता साऱ्या वस्तीची बिले वाचते, आणि तिच्याकडे म्हातारी माणसे कागद घेऊन येतात याचे मला फार समाधान आहे.

आता आपल्या मदतीशी थेट संबंध असलेल्या भागाकडे वळतो. इथे आपण जरा सावकाश वाचावे अशी विनंती आहे.

वस्त्यांवरच्या पुष्कळ जोडण्या सौभाग्य योजनेतल्या आहेत. ही केंद्राची योजना २५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेप्रमाणे गरीब ठरलेल्या घरांना जोडणी मोफत आणि यादीत नसलेल्यांना ५०० रुपयांत, तेही बिलातून दहा हप्त्यांनी. योजना चांगलीच होती. जिथे रॉकेलची चिमणी होती तिथे दिवा आला. पण 'मोफत जोडणी' हे शब्द वस्तीपर्यंत पोहोचता पोहोचता 'मोफत लाईट' झाले. पहिली दोन-तीन बिले लोकांनी चुलीत घातली, कारण सरकारने दिलेल्या वस्तूचे पैसे कोण मागेल? तोपर्यंत थकबाकीवर विलंब आकार चढू लागला होता. तो बिलाच्या सव्वा टक्का असतो, आणि थकबाकी जुनी झाली की व्याजही लागते.

अशा घरांसाठी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांचा वेगळा गट ठेवलेला आहे. त्यात स्थिर आकारही कमी आणि युनिटाचा दरही कितीतरी कमी. पण गटात राहण्याच्या अटी आहेत. घराचा मंजूर भार पाव किलोवॉट म्हणजे २५० वॉटच्या आत हवा आणि वर्षभराचा वापर ३६० युनिटांच्या आत हवा. दिवसाला एक युनिट धरा. वर्ष संपले की हिशेब होतो. ३६० ओलांडले की ते घर साध्या घरगुती गटात जाते, आणि पुढे वापर कितीही कमी केला तरी परत या गटात येता येत नाही. या दारातून बाहेर पडता येते, आत येता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात काही शुभचिंतकांनी वस्तीवर कूलर देण्याची तयारी दाखवली. त्यांच्या मनात कळवळा होता. वाशिमचा मे महिना ज्याने पत्र्याखाली काढला आहे त्याला तो समजेल. पण आम्ही आधी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. तो हिशेब इथे देतो.

हजार वॉटचे यंत्र एक तास चालले की एक युनिट. घरात ९ वॉटचे दोन एलईडी दिवे रोज सहा तास, म्हणजे वर्षाला सुमारे ३९ युनिटे. ७५ वॉटचा साधा पंखा रोज दहा तास, वर्षातले आठ महिने, म्हणजे १८०. ५० वॉटचा टीव्ही रोज चार तास, म्हणजे ७३. बेरीज २९२. घर गटात सुरक्षित आहे. आता १८० वॉटचा कूलर उन्हाळ्याचे ७५ दिवस रोज दहा तास चालवा. त्याची १३५ युनिटे. एकूण ४२७. ३६० ची रेघ ओलांडली. भारही २५० वॉटच्या पलीकडे गेला. म्हणजे आपण दिलेल्या एका कूलरने ते घर स्वस्त गटातून कायमचे बाहेर काढले असते. पुढे हिवाळ्यात दोन दिवे आणि टीव्ही एवढेच चालू असले, तरी बिल साध्या दराने. महिन्याला सरासरी २५ युनिटे धरली तरी वर्षाचे ३,८२८ रुपये. रोजगार हमीच्या मजुरीने जवळजवळ तेरा दिवसांचे काम.

मग उकाड्यात तसेच राहावे का? नाही. साध्या पंख्याच्या जागी बीएलडीसी पंखा बसवला, जो साधारण ३० वॉट घेतो, तर पंख्याची १८० युनिटे ७२ वर येतात आणि वारा तेवढाच लागतो. वर्षाची एकूण बेरीज १८४ होते. एवढी जागा झाली की रात्री जास्त वेळ पंखा चालवता येतो, नाहीतर ११०-१२० वॉटचा छोटा कूलरही भाराच्या मर्यादेत बसतो. म्हणून यापुढे कोणाला उन्हाळ्यासाठी काही द्यायचे असेल तर आधी पंखा द्यावा, आणि इस्त्री, पाण्याचा हीटर, मोठा कूलर देण्याआधी आम्हाला विचारावे. जुन्या घरातून काढलेले साठ वॉटचे पिवळे दिवे तर मुळीच पाठवू नयेत. एक दिवा रोज सहा तासांप्रमाणे महिन्याला जवळजवळ अकरा युनिटे खातो. काम नऊ वॉटच्या दिव्याएवढेच करतो.

जी कुटुंबे कामाला बाहेरगावी जातात त्यांच्यासाठी आम्ही निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक फेरी ठेवतो. मीटरचा आकडा दिसेल असा तारखेसह फोटो काढून ठेवायचा. घरातले मुख्य बटण बंद करायचे, कारण उंदराने वायर कुरतडली किंवा कोणी आकडा टाकला तर मागे पाहायला कोणी नसते. जमेल तेवढे पैसे आगाऊ भरून ठेवायचे. महावितरण ते घेते आणि पुढच्या बिलांतून वळते करते. २०२४ च्या वरच्या दरांनी साध्या गटातल्या घराला सहा महिन्यांचे ८९१ रुपये लागत, स्वस्त गटातल्याला त्याहून पुष्कळ कमी. हे एकरकमी कुटुंबाला जड जाते, पण मुकादमाकडून उचल मिळते त्याच दिवशी त्यातून काढून ठेवले तर जमते. नंतर ते राहत नाहीत. आपल्या मदतीतून आम्ही काही घरांचे निम्मे भरले आणि निम्मे त्यांच्याकडून घेतले. पूर्ण भरण्यापेक्षा हे मला बरे वाटते, पण याबद्दल आपले वेगळे मत असेल तर कळवावे.

थकबाकीमुळे वीज तोडण्याविषयी भीती फार आहे, तेव्हा कायदा काय म्हणतो तेही सांगतो. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे वीज तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि जी रक्कम देय होऊन दोन वर्षे उलटली आणि मधल्या बिलांत सलग थकबाकी म्हणून दाखवलेलीच नव्हती, ती नंतर वसूल करता येत नाही. म्हणून जुनी बिले चुलीत घालू नयेत. एका पिशवीत तारखेप्रमाणे ठेवावीत. त्या पिशवीने एका घराची जुनी रक्कम कमी झालेली मी पाहिली आहे. भांडण झाले नाही, कागद पुढे ठेवले एवढेच.

तक्रार करायची झाली तर १९१२ हा क्रमांक आहे, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक सांगावा लागतो. तेवढ्याने झाले नाही तर लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच न घेतलेला अर्ज दिला नाही असेच धरावे. त्यापुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, आणि त्याच्याही वर विदर्भासाठी नागपूरला विद्युत लोकपाल. वकील लागत नाही. वस्तीवरची माणसे अजूनही सगळ्याला 'बोर्ड'च म्हणतात, जरी जुने वीज मंडळ २००५ मध्येच वेगवेगळ्या कंपन्यांत विभागले गेले. दर मात्र कंपनी स्वतः ठरवत नाही, आयोग ठरवतो, आणि दर ठरण्याआधी कोणीही साध्या कागदावर सूचना किंवा हरकत पाठवू शकतो. स्थिर आकार लहान घरावर जास्त बसतो हे लिहून कळवायला आपल्यापैकी कोणालाही मोकळीक आहे.

आता आपले बिल उघडावे. स्थिर आकाराभोवती पेन्सिलीने गोल करावा, एकूण रकमेला युनिटांनी भागावे आणि आपल्या घराला एक युनिट कितीला पडले ते कडेला लिहावे. मग ते वस्तीवरच्या १२ रुपये ७६ पैशांच्या शेजारी ठेवून पाहावे. अभ्यासगटात आलेले आकडे आम्हाला पाठवलेत तर पुढच्या वेळी वस्तीवरच्या फळ्यावर तेही लिहू. तिथल्या मुलांना मुंबई-पुण्याची बिले वाचायची फार उत्सुकता आहे.